वाणात गेलेली फ्रेंच गाडी

अस्सल आणि नक्कल यांतला फरक ओळखता येणं ही सुसंस्कृत माणसाची पहिली खूण आहे.

हे वाक्य माझंच आहे. खारघरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी ते माइकवरून म्हटलं होतं आणि टाळ्याही पडल्या होत्या. त्याला आता वर्ष होऊन गेलं. या वर्षात मी माइकपासून लांब राहिलो आहे.

पण तसं म्हणण्याचा मला अधिकार होता, निदान तेव्हा तसं वाटत होतं. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. तुमची गाडी कुठं ठोकली की ती शिरवण्याच्या नाहीतर तळोज्याच्या गॅरेजात जाते, आणि तिच्यामागून मी जातो. मी वाकून बंपरखाली बघतो आणि म्हणतो, "हा पार्ट ओरिजिनल नाही." गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, आईशप्पथ ओरिजिनल आहे." त्यावर मी काही बोलत नाही. नुसता हसतो. हे हसणं मी नोकरीच्या इतक्या वर्षांत कमावलेलं आहे. (घरी तसा हसलो की मेधा, म्हणजे माझी बायको, विचारते, "दाढ दुखतेय का?")

तर गोष्ट आहे एका फ्रेंच गाडीची. खेळण्यातल्या... चुकलो. 'खेळणं' हा शब्द कारखानीससाहेबांसमोर काढायचा नाही. 'लघुप्रतिकृती' म्हणायचं. ओतीव धातूची, तळहातावर मावणारी, आणि खऱ्या गाडीत जे जे असतं ते ते सगळं बरोब्बर त्याच प्रमाणात लहान केलेली.

कारखानीससाहेब बी विंगमध्ये राहतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'लघुवाहन अभ्यास मंडळ' स्थापन केलं. ते स्वतः अध्यक्ष, मी उपाध्यक्ष आणि वाघमारे खजिनदार. वाघमारे पहिल्या सभेला आले ते पार्किंगची मीटिंग आहे असं समजून. चूक लक्षात येऊन ते उठेपर्यंत त्यांची बिनविरोध निवड झाली होती.

आमच्या मंडळात त्या फ्रेंच गाडीला फार मान. फ्रान्समधला एखादा शाळामास्तर बायको, पोरं, कुत्रा आणि टपावर बांधलेल्या गाद्या घेऊन सुट्टीला निघायचा, तो त्या गाडीतून. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची साधी, घरगुती, पोटात भरपूर माणसं घेणारी गाडी. तिचं नाव मी इथं देत नाही, कारण ते जेवढं लिहितात त्याच्या निम्मंच उच्चारतात आणि उरलेलं कुठं जातं ते फ्रेंचांनाच ठाऊक. कारखानीस ते नाव नाकातून म्हणतात, मी घशातून म्हणतो, आणि माझी आई 'ती निळी' म्हणते.

योगायोग असा की तिची लघुप्रतिकृती आमच्या दोघांकडेही होती. त्याच मापाची, त्याच राखाडी-निळ्या रंगाची. माझी मेव्हण्यानं पाँडिचेरीहून आणलेली. कारखानिसांची पॅरिसची.

"पॅरिसच्या एका अरुंद गल्लीत घेतली, जगदाळेसाहेब. एका वृद्ध गृहस्थांकडून. विकताना त्यांचे डोळे भरून आले हो."

(कारखानीसबाईंच्या म्हणण्याप्रमाणे ते दुकान विमानतळावर होतं आणि डोळे यांचेच भरून आले होते, किंमत ऐकून.)

एकदा कारखानिसांनी ठरवलं की या दोन गाड्यांचं 'निःपक्षपाती तुलनात्मक परीक्षण' झालं पाहिजे, ते मीच केलं पाहिजे आणि रविवारच्या जाहीर सभेत अहवाल वाचला पाहिजे. त्यासाठी त्यांनी स्वतःची गाडी माझ्या घरी आणून दिली. खोक्यात. खोक्याबरोबर पांढरे हातमोजे.

"जगदाळेसाहेब, ही माझी गाडी नाही," ते म्हणाले. क्षणभर मला वाटलं, कुणाची उचलून आणली की काय. "हा माझा प्राण आहे. हिला काही झालं, तर मी उरणार नाही."

एवढं बोलून ते लिफ्टनं गेले. मी त्या खोक्यावर पेनानं 'अ' लिहिलं आणि माझ्या गाडीच्या खोक्यावर 'ब'. गाड्यांवर काही लिहिलं नाही. इतक्या देखण्या रंगावर कोण लिहील? शिवाय गरज काय? अस्सल आणि नक्कल मी अंधारात ओळखतो!

बुधवारी संध्याकाळी दोन्ही गाड्या जेवणाच्या टेबलावर ठेवून, हातमोजे घालून, भिंग घेऊन मी बसलो. मेधा मटार सोलत होती.

"यात फरक काय आहे?" तिनं विचारलं.

"आकाशपाताळाचा."

"यातलं आकाश कुठलं?"

मी उजवीकडची दाखवली.

"मघाशी ते पाताळ होतं."

"तू टेबल हलवलंस."

"मी टेबल नाही हलवलं. मी टोपली घ्यायला उठले."

असल्या अरसिक वातावरणात काम करणं अवघड असतं. तरीही मी दोन्ही गाड्यांच्या पुढच्या बाजूचं परीक्षण संपवलं. (आम्ही सर्व्हेअर सवयीनं पुढूनच सुरुवात करतो. लोकही बहुधा पुढूनच ठोकतात.) मागची बाजू उद्या बघू म्हटलं. तेवढ्यात पानं घ्यायची वेळ झाली, म्हणून दोन्ही गाड्या तशाच, खोक्यांबाहेर, हॉलमधल्या कपाटात ठेवल्या. शेजारी शेजारी. आणि निश्चिंत मनानं मटारची उसळ खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्याच्या पुढच्या दिवशी रथसप्तमी, म्हणजे हळदीकुंकवाची मुदत संपणार, म्हणून ज्या बायका पंधरा दिवस 'येते, येते' म्हणत होत्या त्या सगळ्या एकाच संध्याकाळी आल्या. मला घराबाहेर काढण्यात आलं. मी सेंट्रल पार्कला फेऱ्या मारून, भेळ खाऊन, दाराबाहेरच्या चपला हटल्याची खात्री करून परत आलो. हात धुतले, हातमोजे घातले, कपाट उघडलं.

कपाटात दोन रिकामी खोकी होती.

इथं माझ्या आईची ओळख करून दिली पाहिजे. आई साताऱ्याकडची. बाबा गेल्यापासून ती स्वतः कुंकू लावून घेत नाही, पण हळदीकुंकवातलं वाणाचं खातं तिनं कुणाच्या हाती दिलेलं नाही. मेधानं फक्त हळद-कुंकू लावायचं आणि तिळगूळ द्यायचा. प्रत्येक बाईला भेटवस्तू, म्हणजे वाण, आईच्याच हातून. त्या वर्षी वाणाला स्टीलची चहाची गाळणी होती.

"आई, इथल्या गाड्या कुठायत?"

"कंच्या?"

"त्या निळ्या."

"दिल्या."

"दिल्या? कुणाला दिल्या?"

"गाळणी संपली. दोघीजणी ऱ्हायल्या हुत्या. मग त्यांना त्या दिल्या."

"वाणात? गाड्या?"

"मग काय झालं? संक्रांतीच्या दिसांत कपाटात दोन सारख्या, बिनकामाच्या वस्तू दिसल्या, म्हंजी वाणच की! दुसरं कोण आणतं असलं एकसारखं दोन-दोन?"

मी आयुष्यभर लोकांच्या दाव्यांतली भोकं शोधत आलो आहे. या दाव्यात मला एकही सापडलं नाही.

"मी आत्ता जाऊन परत घेऊन येतो."

"वाण? परत?" आईनं हातातली पिशवी खाली ठेवली. "शिरीष, वाण मागं घेत न्हाईत. घेतलं तर देणाऱ्याचं बी जातं आन् घेणाऱ्याचं बी जातं."

"काय जातं?"

"ते गेल्याबिगर कळत न्हाय."

मेधानं विचारलं, "आई, दिल्या कुणाला ते तरी सांगा."

"एक त्या कारखानीसबाईंना आन् एक खालच्या म्हात्रेबाईला."

"कुठली कुणाला?" मी ओरडलोच.

"निळी."

"दोन्ही निळ्याच होत्या!"

"मग दोघींना निळीच दिली की. मी भेदभाव केला न्हाय."

मी अजून खुर्चीत सावरून बसतोय तोच फोन वाजला. कारखानीस!

"जगदाळेसाहेब, तुमच्या मातोश्रींचं मन किती मोठं! पोटच्या मुलाची गाडी आमच्या हिला वाण म्हणून दिली!"

"तुम्ही... बघितली का?"

"भिंगाखाली घातली. स्पष्ट बोलू? रागावू नका. चाकं बैलगाडीची वाटतात. रंग न्हाणीघराच्या दाराचा. आणि तो बंपर! माझी गाडी माझ्याकडे असती तर हिला मी तिच्या शेजारीसुद्धा ठेवली नसती. तिला विटाळ झाला असता." मग आवाज एकदम हळवा झाला. "माझी सुखरूप आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं. दोन्हींपैकी एक तरी सुखरूप होती.

फोन ठेवून मी विचार करू लागलो. कारखानीस म्हणतात ते खरं असेल, तर त्यांच्याकडे माझी गाडी गेली आणि त्यांचा प्राण म्हात्रेकाकूंकडे आहे. ते चुकत असतील, तर ते स्वतःच्याच प्राणाला बैलगाडी म्हणत आहेत. यातलं काय खरं ते ठरवायला गाडी ओळखता येणारा माणूस हवा होता. तो माणूस मीच होतो, आणि माझ्याकडे गाडी नव्हती.

रथसप्तमीच्या सकाळी मी आणि मेधा म्हात्रेकाकूंकडे गेलो. काकू मूळच्या इथल्याच, शेजारच्या नावडे गावच्या. स्वभाव मोकळा, आवाज त्याहून मोकळा. गाडी त्यांच्या देव्हाऱ्यासमोर पाटावर होती. बॉनेटवर हळद-कुंकू. टपावर झेंडूचं फूल, गाडीपेक्षा जरा मोठं. आणि चार चाकांखाली चार लिंबं. लिंबंही तब्येतीनं चांगली, त्यामुळे गाडी गॅरेजात जॅकवर चढवल्यासारखी दिसत होती.

"या भाऊ, या! बगा तुमची गारी!"

"काकू, हे लिंबू..."

"नवी गारी घरान आयली, चाकाखाली लिंबू नको? आमचे पोराचे गारीला पन ठेवलेला."

"पण काकू, गाडीनं ते लिंबू चिरडायचं असतं."

"मंग चिरडंल ना. टाइम लागंल. बारकी हाय अजून."

मेधानं मला मागं सारलं आणि हळुवार आवाजात सुरुवात केली. "काकू, आईंची जरा गडबड झाली. ती गाडी चुकून आली तुमच्याकडे."

"वान चुकून येते का कदी?" काकूंनी गाडीवरून हात फिरवला. "वान नशिबान येते. ते परत नय देत कोन. तुला वायट होईल, माना पन वायट होईल."

सातारा आणि नावडे यांच्यात घाट आहे, डोंगर आहेत, भाषा वेगळी आहे. वाणाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचा कायदा एकच निघाला.

मी हात टेकले होते, पण मेधा हात टेकत नाही. "काकू, तुमचं हळदीकुंकू झालं का हो यंदा?"

"नय ना. सून म्हायेरी गेलेली."

"मग आज करू या. शेवटचाच दिवस आहे. मी येते मदतीला. आणि वाण बाहेरून कशाला आणायचं? घरात जे असेल ते द्या एकेकीला."

काकूंनी मेधाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खदाखदा हसल्या. "म्हंजी तुला गारी पायजे! मंग सरल बोल ना! ये संध्याकालचे. परत नय देत मी, वान देतंय."

मेधाच्या या तोडग्यानं मी भारावून गेलो. धर्म राहिला, गाडी आली! संध्याकाळी मेधा नटून आत गेली आणि मी जिन्यावर, चपलांच्या ढिगाशेजारी बसलो. तिथं म्हात्रेकाका आधीच बसले होते. ते त्या घराचे मालक, पण हळदीकुंकू लागलं की मालकाची जागा चपलांशेजारीच असते. त्यांनी मला तिळगूळ दिला. आम्ही दोघं तो खात बसलो.

"भाऊ," शेवटी काका म्हणाले, "ती तुमची गारी. मायलेज काय देते?"

मी त्यावर खरोखरच विचार करत होतो, तेवढ्यात मेधा बाहेर आली. तिच्या हातात एक पुडी होती. मी ती जवळजवळ हिसकावून घेतली आणि उघडली.

चार लिंबं होती.

"गाडी कुठंय?"

"कारखानीसबाईंना दिली."

"काय?"

"मी काय करू? त्या आल्या, गाडी बघितली आणि म्हणाल्या, 'अय्या, हिची जोडी आमच्याकडे आहे!' झालं. काकू म्हणाल्या, जोडी कशाला तोडायची, नांदू देत दोघी एका घरात. दहा बायकांसमोर मी काय म्हणू, मला द्या?"

वर आल्यावर आईला सांगितलं. "ब्येस केलं बाईनं," आई म्हणाली. "जोडी फोडू नये." आणि तिनं लिंबं लोणच्याला घेतली.

फोनची मी वाटच बघत होतो.

"जगदाळेसाहेब!" कारखानिसांचा आवाज चढलेला होता. "हा काय प्रकार आहे? काल एक, आज दुसरी! तुमच्याकडे एकूण आहेत तरी किती?"

"दोनच," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"ही दुसरी तर पहिलीपेक्षाही हलकी आहे. आणि हिला लोणच्याचा वास येतोय! असो. रविवारी या दोन्ही मी नकलेचे नमुने म्हणून मांडतो. त्यांच्यापुढं माझी अस्सल कशी झळकेल बघा. तुम्ही फक्त तेवढी वेळेवर आणा."

आता परिस्थिती अशी होती. जगात या प्रकरणातल्या दोन गाड्या होत्या. दोन्ही कारखानिसांच्या घरात होत्या. दोन्ही त्यांनी नाकारल्या होत्या. आणि तिसरी, जी कुठंच नव्हती, ती ते माझ्याकडे मागत होते.

"जा आणि खरं सांगून टाक," मेधा म्हणाली.

शनिवारी मी खरं सांगायलाच गेलो होतो. आईशप्पथ. पण कारखानिसांनी दार उघडलं तेच माझा हात धरून मला दिवाणखान्यात नेलं. तिथं त्यांनी जांभळ्या मखमलीचा एक चौथरा केला होता. चौथऱ्याला छोटी कमान. कमानीत छोटा दिवा. त्यांनी बटण दाबलं.

"रविवारनंतर ती इथं बसेल," ते म्हणाले. एवढं कौतुक मी लोकांच्या डोळ्यांत नातवंडांबद्दलही पाहिलेलं नाही.

माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर आलं ते असं: "अहवाल पूर्ण करायला ते... दोन नमुने जरा हवे होते."

"हवे तेवढे न्या!" कारखानीस म्हणाले, आणि दोन्ही गाड्या त्यांनी मला दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून दिल्या.

घरी आलो. आई भजनाला गेली होती. मेधानं एकेक गाडी नाकाशी नेली.

"हिला लिंबाचा वास येतोय. आणि ही बघ, बॉनेटवर हळद. कळलं!"

"काय कळलं?"

"ही म्हात्रेकाकूंकडची."

"बरोबर. आणि म्हात्रेकाकूंकडे कुठली गेली होती?"

मेधानं दोन्ही गाड्या माझ्याकडे सरकवल्या. पुढून मी काढलेले सगळे फरक आठवून पाहिले. एकीची बॉनेटची रेघ बारीक होती आणि दुसरीची जाड. आता दोन्ही जाड दिसत होत्या. चष्मा पुसल्यावर दोन्ही बारीक दिसल्या.

मग आठवलं. मागची बाजू! ती बघायची राहिलीच होती!

दोन्ही गाड्या मी उलट्या फिरवल्या, भिंग लावलं, आणि अंगावर काटा आला. हळदीचा डाग असलेल्या गाडीचा मागचा डावा दिवा! तो यंत्रानं रंगवलेला नव्हता. रंग किंचित जाड, कडेला किंचित बाहेर आलेला, पण काय तेज! कुणीतरी माणसानं, जीव ओतून, नाजूक कुंचल्यानं तो लाल थेंब तिथं ठेवला होता. एखादा म्हातारा फ्रेंच कारागीर मला दिसू लागला. खिडकीशी बसलेला. थरथरता हात, पण शेवटच्या क्षणी स्थिर.

"ही पॅरिस," मी म्हणालो.

"नक्की?"

मी नुसता हसलो. मेधानं दाढेबद्दल विचारलं नाही, म्हणजे या वेळी हसणं चांगलं जमलं असावं. ती गाडी मी 'अ' खोक्यात ठेवली. बॉनेटवरची हळद ओल्या फडक्यानं पुसली, पण ती पूर्ण जाईना.

रविवारी सोसायटीचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. (सभेत बटाटेवडे आहेत असं नोटीस बोर्डावर लिहिलेलं होतं.) पहिल्या रांगेत आई, मेधा आणि म्हात्रेकाकू. नकलेचा नमुना एकच पुरे, असं मी कारखानिसांना सांगितलं होतं आणि त्यांना ते पटलं होतं. कारखानिसांनी हातमोजे चढवले, 'अ' खोकं उघडलं, गाडी दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली आणि डोळे मिटले.

"तीन दिवस मी नकला हाताळत होतो," ते म्हणाले. "आज हात शुद्ध झाले."

मी अहवालाची पानं पुन्हा लावून घेतली.

"आणि पाहा! या बॉनेटवरची ही सोनेरी झाक पाहा! हा त्या काळचा खास फ्रेंच रंग. हे रसायन पुढं कुणालाही साधलं नाही."

"रसायन कनाचा?" म्हात्रेकाकू उठल्या. "ती आमची घरची हल..."

मेधानं त्यांच्या तोंडात अख्खा बटाटेवडा घातला.

मग मी उभा राहिलो. अस्सल आणि नक्कल, सुसंस्कृत माणूस वगैरे म्हटलं. आणि मग त्या मागच्या डाव्या दिव्याबद्दल बोललो. असा बोललो, असा बोललो, की वाघमाऱ्यांनी पार्किंगचा विषय काढला नाही! 'अज्ञात कारागिराचं निःशब्द योगदान' हे शब्द म्हणताना माझा आवाज खरोखर कापला. टाळ्या पडल्या. कारखानिसांनी मला मिठी मारली, गाडी मखमलीवर बसायला गेली, आणि उरलेली गाडी मी 'ब' खोक्यात घालून घरी आणली. मोठ्या अपघातातून वाचलेल्या माणसासारखं हलकं वाटत होतं.

आईनं घरी येऊन पाय पसरले. "काय रं, तू तो लाल दिवा, लाल दिवा म्हणत हुतास, तो कंचा?"

"मागचा डावा."

"तो व्हय! तो तर म्या केला."

"काय?"

"दिवाळीला कपाट पुसताना गाडी हातातनं पडली. दिवा फुटला. म्हटलं तू वरडशील. मग मेधाची ती लाल नखपॉलिश हुती, ती लावली. दोन हात दिले. आन् तू लई चांगलं बोललास हां."

मेधानं बाटली आणून टेबलावर ठेवली. रंग तोच होता.

"आई, म्हणजे तो दिवा आपल्या गाडीला होता?"

"मग काय लोकाच्या गाडीला लावू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'ब' खोकं घेऊन कारखानिसांकडे गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गाळणी, वाण, लिंबं, हळद, नखपॉलिश. काही लपवलं नाही. ही गाडी तुमची, ती माझी, बदलून घेऊ या, म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. कमानीतल्या गाडीकडे एकदा पाहिलं. मग माझ्या हातातल्या गाडीकडे पाहिलं.

आणि काही न बोलता नुसते हसले.

ते हसणं मी ताबडतोब ओळखलं.

"कारखानीससाहेब, आईशप्पथ," मी म्हणालो, "ही ओरिजिनल आहे."

"मोह होतो, जगदाळेसाहेब," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "मी समजू शकतो. पण तुमचाच अहवाल मी फ्रेम करायला टाकलाय." आणि त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

पॅरिसची गाडी तेव्हापासून आमच्या फ्रीजवर आहे. यंदाच्या संक्रांतीलाही वाण कमी पडलं. गाडी आईच्या समोरच होती, पण तिनं हात लावला नाही. एकच होती.